बोयीची पिल्लं आणि डीएनए बारकोड

‘पराचे काटे मोजले की मासा ओळखता येतो, डीएनएची चैन कशाला?’ हा मुद्दा मोठ्या माशापुरता ठीक. पण खाडीच्या तोंडाशी मिळणारी दोन सेंटीमीटरची बोयीची पिल्लं घ्या. सगळी सारखीच चंदेरी. त्यात मोठ्या बोयीच्या गुदपराला (पोटाखालच्या, शेपटीकडच्या पराला) तीन काटे, तर पिल्लात तिसरा अजून मऊच असतो. मोजायचं काय, कपाळ?

इथे सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) जनुकाचा साधारण ६५० डीएनए-अक्षरांचा तुकडा, म्हणजेच ‘बारकोड’ची पट्टी, कामी येतो. कॅनडातले जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ साली हीच पट्टी प्राण्यांसाठी सुचवली. अंडं असो की पिल्लू, पट्टी तीच. मात्र ती जुळवायची ‘बोल्ड’सारख्या, बारकोडांच्या ऑनलाइन संग्रहाशी, आणि तिथल्या मोठ्या माशाला नाव कुणीतरी काटे-खवले मोजूनच दिलेलं असतं. ते चुकलं, की आपलं पिल्लूही चुकलं. शिवाय ‘म्युगिल सेफॅलस’ या बोयीच्या एकाच शास्त्रीय नावाखाली डीएनए तपासल्यावर अनेक वेगळे वंश निघाले आहेत, त्यामुळे उत्तर नेहमी सरळ येईलच असं नाही. संकरही यातून कळत नाही, कारण हे जनुक फक्त आईकडून येतं.

नमुने घेणार असाल तर आधी डाव्या बाजूचा फोटो काढा, कारण अल्कोहोलमध्ये पिवळा-तांबडा रंग उडतो. मग उजव्या बाजूचा मांसाचा कण किंवा पराचा तुकडा, फारच बारीक पिल्लू असेल तर उजवा डोळा, ९५ टक्के इथेनॉलमध्ये. फॉर्मॅलिन अजिबात नको, डीएनएची वाट लागते.