दारू सुटली, पण संध्याकाळचं काय करायचं?

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. दारू बंद करून काही महिने झालेत. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडली, थरथर घाम वगैरे सगळं पार पडलं, लिव्हरचे रिपोर्टही बरेच सुधारलेत. सगळे वा वा करतात. पण खरं सांगू का, संध्याकाळ झाली की घर खायला उठतं. आधी बाटली उघडली की वेळ कुठे जायचा कळायचं नाही, आता दहा वाजले असतील म्हणून घड्याळ बघावं तर जेमतेम साडेसात. झोप तुटक तुटक, चिडचिड इतकी की कोणाच्या हातून चमचा पडला तरी डोकं सणकतं, आणि गोड खायची हाव सुटलीय ती वेगळीच. कशातच मजा वाटत नाही, मॅच लावली तरी लक्ष नाही. जुना ग्रुप म्हणतोय शनिवारी ये, तू नुसता बस, कोल्ड्रिंक घे. जावं का? आणि हे असंच राहणार का आता कायमचं? प्रवचन नको प्लीज, ते घरी भरपूर मिळतं.

जुनाखेळाडू
कायमचं नाही रे. पण लोक सांगतात तेवढं पटकनही जात नाही. दारू मेंदूला रोज शांत करत असते, त्यावर उपाय म्हणून मेंदू स्वतःचा अॅक्सिलरेटर दाबून ठेवतो, मग दारू गेली तरी पाय तिथेच राहतो. म्हणून झोप उडणं, चमच्याच्या आवाजाने दचकणं. झोप रुळावर यायला बरेच महिने लागू शकतात. मजा न वाटण्याचंही तेच, इतकी वर्षं आनंद आयता ग्लासातून आला, आता साध्या मॅचचं कौतुक वाटायला वेळ लागणारच.

संध्याकाळचं म्हणशील तर सगळी संध्याकाळ भरायला जाऊ नकोस, घरात शिरल्यानंतरचा पहिला अर्धा तास तेवढा सांभाळ. मी बूट काढायचोच नाही. बॅग ठेवायची की परत बाहेर, चालायला. ज्या खुर्चीत बसून प्यायचो ती खुर्चीच खोलीतून हलवली, बायको हसली, पण फरक पडला. जेवण लवकर उरकायचं, कारण रिकाम्या पोटी तलफ जास्त येते. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारातलं काय चालू आहे ते आधी बघ. तलफ आली तर साधारण वीस-तीस मिनिटांत ओसरते, तिच्याशी वाद घालत बसू नको, फक्त जागा बदल.

शनिवारी जाऊ नकोस. आत्ता तरी नको. पुढे कधी गेलास तर स्वतःची गाडी ने, हातात स्वतःचा ग्लास ठेव आणि निघायची वेळ आधीच सांगून टाक. दुसऱ्या पेगनंतर तेच तेच किस्से असतात, काही चुकत नाही आपलं.

सौ_तटस्थ
मी पलीकडच्या बाजूची. आमच्याकडे सुटल्यावर जास्त भांडणं झाली, हे कोणी आधी सांगत नाही. इतकी वर्षं बिलं, मुलांची शाळा, नातेवाईक सगळं मी एकटीने ओढलं आणि हे शुद्धीवर आल्यावर एकदम प्रत्येक गोष्टीत मत द्यायला लागले! शिवाय उशीर झाला की माझ्या पोटात गोळा, दार उघडताना आधी तोंडाचा वास घ्यायची सवय, ती सवय त्यांची दारू सुटल्यावरही गेली नाही लवकर. तेव्हा घरच्यांना जमलं तर अल-अॅनॉनबद्दल सांगा, तो खास पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीचा आधारगट आहे. आणि डोकं तापलं की तोंडाने सांगा, "आत्ता बोलायला नको, फिरून येतो." न सांगता निघून गेलात की आमची पहिली शंका कुठे जाते ते तुम्हाला माहीत आहे.

वाचनमात्र
मध्येच बोलतो सॉरी. माझी रोज हाफ जाते, सकाळी हात कापतात. हे वाचून ठरवलं उद्यापासून एकदम बंद. गोळ्या वगैरे नकोत.

वॉर्डवाला
वाचनमात्र, थांबा. मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम करतो. सकाळी हात कापत असतील तर घरी एकट्याने एकदम बंद करू नका. त्रास सहसा पहिल्या चोवीस तासांत सुरू होतो, फिट्स बहुतेक करून पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि भ्रम, भास, नसलेली माणसं दिसणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. जिवावर बेतू शकतं. डॉक्टरकडे गेलात तर काही दिवसांच्या औषधांनी हे बरंच सुरक्षित होतं, थायमिन म्हणजे बी१ व्हिटॅमिनही देतात. डॉक्टर भेटेपर्यंत पूर्ण बंद नका करू, आणि कितीही लाज वाटली तरी रोजचा आकडा खरा सांगा.

कोरीपाटी, तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, डॉक्टरांना विचारा. वेदनेसाठी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची गोळी चालू असेल तर आधी सांगा, नाल्ट्रेक्सोन चालत नाही. डायसल्फिराम वेगळं, त्यावर प्यायलं तर त्रास होतो, आणि ते जेवणात गुपचूप कालवणाऱ्या घरच्यांना कळकळीची विनंती, हे कधीच करू नका. मजा न वाटणं असंच राहिलं तर डिप्रेशनसाठीही तपासून घ्या.

जुनाखेळाडू
एक राहिलं. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, हा दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना सांभाळणारा गट, त्याची सुरुवात अशाच एका संध्याकाळी झालीय. 1935 साली बिल विल्सन अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात एका हॉटेलच्या लॉबीत एकटा होता, सोडून काही महिनेच झालेले, धंद्याचा सौदा फिसकटलेला, आणि शेजारी बार. त्याने फोन फिरवायला घेतले, कोणीतरी दुसरा दारुडा गाठून द्या म्हणून. तसा डॉ. बॉब स्मिथ भेटला, आणि दोघांनी मिळून तो गट सुरू केला. तेव्हा फोनमध्ये दोन नंबर तरी ठेव.

कोरीपाटी
शनिवारचं नाही म्हणून कळवलं. वॉर्डवाला, पुढच्या व्हिजिटला विचारतो. पण एएमध्ये देवाचं फार असतं ना? तिथेच अडतो मी.

सौ_तटस्थ
असतं, काहींना जड जातं. स्मार्ट रिकव्हरी म्हणून एक गट आहे, त्यात देवाधर्माचं काही नाही, ऑनलाइनही मीटिंग असतात.

कोरीपाटी
कॅमेरा बंद ठेवला तर चालतं का?

जुनाखेळाडू
सहसा चालतं. पहिल्यांदा नुसतं ऐक. आणि गोडाचं टेन्शन आत्ता घेऊ नको, शुगर नसेल तर ते नंतर बघू.