रॉजर्सने आता थांबावं का?

रानपाखरू (न्यू जर्सी), १५ सप्टेंबर २०२३

सोमवारी, ११ सप्टेंबरला रात्री, आमच्या मेटलाइफ स्टेडियमवर न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मोसमातला पहिला सामना झाला. अ‍ॅरन रॉजर्स हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन धावत मैदानात आला आणि स्टेडियम दणाणून गेलं. जेट्सकडून त्याचा हा पहिलाच सामना. चौथ्याच स्नॅपला, म्हणजे चेंडू चौथ्यांदा खेळात आला तेव्हाच, बफेलो बिल्सच्या लेनर्ड फ्लॉइडने त्याला खाली पाडलं. तो उठला, क्षणभर उभा राहिला आणि पुन्हा जमिनीवर बसला. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला: डाव्या पायाचा अकिलीस टेंडन पूर्ण तुटलाय. बुधवारी लॉस एंजेलिसला शस्त्रक्रिया झाली. त्याचा मोसम संपला.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉजर्स क्वार्टरबॅक आहे, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि सव्वाशे-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत तो कुणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावं लागतं.

२ डिसेंबरला रॉजर्स चाळीस पूर्ण करेल. परवा त्याने इन्स्टाग्रामवर लिहिलं की मी पुन्हा उभा राहीन. मी जेट्सचा चाहता आहे, तरी मला मनापासून वाटतं की त्याने इथेच थांबावं.

तो बरा होईल याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो बरा झाल्यावर कोणता रॉजर्स परत येईल याचा. त्याचा सगळा खेळ पायांवर उभा आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्याचं वजन फेकताना पुढच्या, म्हणजे डाव्या पायावर येतं. शिवाय हा माणूस गर्दीतून बाजूला निसटून, पळता पळता फेकतो. डिसेंबर २०१५ मधला डेट्रॉइटचा सामना आठवा. घड्याळात शून्य, समोरच्या संघाच्या चुकीमुळे मिळालेली एकच शेवटची संधी, आणि त्याने पळत येऊन ६१ यार्डांचा पास टाकला. चेंडू इतका उंच गेला की खाली यायला युग लागलं. असा पास चाळिशीतल्या शिवलेल्या टाचेवर निघेल?

शरीराचा मागचा हिशेबही बघा. २०१३ मध्ये डावं कॉलरबोन मोडलं, २०१७ मध्ये उजवं. २०१८ च्या पहिल्याच सामन्यात गुडघा. गेल्या वर्षी फेकायच्या हाताचा अंगठा मोडलेला असताना खेळला. या मे महिन्यात सरावात पोटरी दुखावली होती, ती वेगळीच. फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, चार वेळा लीगचा एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. आणखी काय सिद्ध करायचं राहिलंय?

---

कर्वे_रोड

मी पुण्यात फिजिओथेरपी करते, म्हणून टाचेपुरतं लिहिते. अमेरिकन फुटबॉलमधलं मला तुमच्याइतकं कळत नाही.

अकिलीस टेंडन म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी जाड कंडरा. ती तुटली की बहुतेकांना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं. वळून बघतात तर मागे कुणीच नसतं. शस्त्रक्रियेत तुटलेली टोकं एकमेकांना शिवतात. रॉजर्सच्या बाबतीत शिवणीला मजबूत टेपचा आधार देऊन तो टाचेच्या हाडात बसवलाय, असं बातम्यांत आलंय. त्यामुळे पायावर वजन लवकर देता येतं आणि टाके सैल पडण्याचा धोका कमी होतो.

खेळात परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष धरतात. पुढचा मोसम सुरू व्हायला पूर्ण वर्ष आहे. कंडरा जुळते, मागे राहते ती पोटरीची ताकद. पण ज्याच्यामागे रोज दोन वेळा माणूस बसून व्यायाम करून घेतो, त्याची ताकद आपल्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या पेशंटपेक्षा कितीतरी जास्त भरून येते. चाळिशी हा अडथळा आहे, बंदी नव्हे. दुखापतीनंतर चौथ्या दिवशी एखाद्याला निवृत्त व्हायला सांगणं मला पटत नाही.

---

मागचा_बाक

कर्वे_रोड ताईंशी सहमत. आणि रानपाखरू, तुम्ही जेट्सचे चाहते असून आपलाच जुना क्वार्टरबॅक व्हिनी टेस्टाव्हर्डीला विसरलात?

सप्टेंबर १९९९. हाच संघ, तसाच मोसमाचा पहिला सामना, घरच्या मैदानावर, समोर पेट्रिअट्स. आदल्या मोसमात जेट्स सुपर बोलच्या एका पायरीवर येऊन थांबले होते, सगळ्यांना वाटत होतं हे आपलं वर्ष. टेस्टाव्हर्डीचा अकिलीस तुटला, तेव्हा तो ३५ वर्षांचा. पुढच्या वर्षी परतला आणि मोसमातले सगळे सामने खेळला. २००१ मध्ये संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, घेऊन गेला. त्याचा शेवटचा मोसम २००७, वय ४४!

डॅन मरीनो या क्वार्टरबॅकचं १९९३ मध्ये हेच झालं. १९९४ मध्ये परत आला आणि ३० टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकले.

---

रानपाखरू

टेस्टाव्हर्डी विसरलो नाही. पण तो पॉकेटमध्ये, म्हणजे आपल्या खेळाडूंच्या आडोशाला एकाच जागी, उभा राहून फेकणारा होता. मरीनोही तसाच, आणि तेव्हा तो ३२ चा होता. पायावर न खेळणाऱ्यांची उदाहरणं देऊन पायावर खेळणाऱ्याला धीर देता येत नाही.

---

बोरीबंदर

टाचेपलीकडचं बोलतो. रॉजर्सच्या जुन्या संघात, ग्रीन बेमध्ये, त्याच्या आधी ब्रेट फाव्र क्वार्टरबॅक होता. रॉजर्स तीन वर्षं त्याच्या मागे बाकावर बसला. २००८ मध्ये फाव्र ग्रीन बे सोडून जेट्सकडे आला. ८-३ (आठ विजय, तीन पराभव) अशी सुरुवात झाली, मग दंडाची कंडरा फाटली आणि मोसम ९-७ वर संपला. पुढे तो मिनेसोटाला गेला. चाळिसाव्या वर्षी अप्रतिम खेळला, ३३ टचडाउन. न्यू ऑर्लीन्सला सुपर बोलच्या दारात इतका मार खाल्ला की शेवटी धड चालता येत नव्हतं.

तिथे थांबला असता तर? लोकांनी गळ घातली, तो परत आला. डिसेंबर २०१० मध्ये सलग २९७ सामने पहिल्यापासून खेळण्याची त्याची विक्रमी मालिका तुटली. पुढच्याच आठवड्यात, हिमवादळात मिनेसोटाच्या स्टेडियमचं छत कोसळलं होतं म्हणून सामना विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर झाला. गोठलेली जमीन. शिकागो बेअर्सच्या एका नवख्या खेळाडूने त्याला आपटलं, डोकं जमिनीवर आदळलं आणि तो तसाच पडून राहिला. तो त्याचा शेवटचा सामना. मी तो बघितलाय आणि पुन्हा कधी बघू शकलो नाही.

रॉजर्स त्याच वाटेने चाललाय, पाऊल न पाऊल तेच. रानपाखरू यांच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा. टाच शिवता येते, डोकं शिवता येत नाही.

---

दादर_पश्चिम

मार्च २००६ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन बाद झाला तेव्हा आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली होती. आधी टेनिस एल्बो, मग खांद्याची शस्त्रक्रिया. वर्तमानपत्रं त्याला संपवून मोकळी झाली होती. २०१० मध्ये ग्वाल्हेरला पुरुषांच्या वनडेतलं पहिलं द्विशतक. २०११ ला त्याच वानखेडेवर विश्वचषक, आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं. २००६ मध्ये सल्ला ऐकला असता तर?

बाहेरून बघणाऱ्यांनी तारीख ठरवू नये, एवढंच.

---

बोरीबंदर

@दादर_पश्चिम, सचिन माझाही देव. पण क्रिकेटमध्ये खेळपट्टीवर उभ्या फलंदाजाला तिघंजण मिळून आपटत नाहीत हो. तुलनाच चुकतेय.

---

शेवंती

निवृत्त हो म्हणणारे आणि हो-नाही करणारे, दोघांसाठी दोन क्वार्टरबॅकच्या आठवणी.

अँड्र्यू लक, ऑगस्ट २०१९. वय २९. वर्षानुवर्षं दुखापत, उपचार, पुन्हा दुखापत. सरावसामना चालू असतानाच निवृत्तीची बातमी फुटली. तो साध्या कपड्यांत कडेला उभा होता, आत जायला निघाला तेव्हा इंडियानापोलिसच्या घरच्या प्रेक्षकांनीच त्याला हूट केलं. थोड्या वेळाने पत्रकारांसमोर आला तेव्हा डोळे भरलेले होते. म्हणजे थांबलं तरी लोक बोलणारच.

अ‍ॅलेक्स स्मिथ, १८ नोव्हेंबर २०१८. उजव्या पायाची दोन्ही हाडं मोडून बाहेर. जंतुसंसर्ग इतका पसरला की पाय कापायची वेळ आली होती, जीव जातो की काय अशी अवस्था. १७ शस्त्रक्रिया. ऑक्टोबर २०२० मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. त्याची बायको वर स्टँडमध्ये बसली होती. पहिल्यांदा त्याला पाडलं तेव्हा तिचा चेहरा कॅमेऱ्यावर दिसला. मी स्वतः एका खेळाडूची आई आहे, मला तो चेहरा बघवला नाही. स्मिथने उरलेला मोसम काढला, संघ प्लेऑफला गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो शांतपणे निवृत्त झाला.

मला स्मिथ पटतो. चौथ्या स्नॅपला, मैदानावर बसून, गाडीवरून आत जाऊन कुणाचा खेळ संपू नये. रॉजर्सला आपल्या पायांनी बाहेर जायचं असेल तर तेवढा हक्क त्याला आहे. मग तो एका मोसमासाठी असो की एका सामन्यासाठी.

---

तळ्याकाठी

मैदानाबद्दल कुणीच बोलत नाही? मेटलाइफवर कृत्रिम टर्फ आहे. खेळाडूंची संघटना कधीपासून खऱ्या गवताची मागणी करतेय, या आठवड्यात पुन्हा केली. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी इथेच गवत अंथरणार आहेत. पाहुण्यांना गवत आणि घरच्यांना टर्फ. परत येऊन रॉजर्सला याच टर्फवर खेळायचंय, हेही हिशेबात धरा.

---

मागचा_बाक

@बोरीबंदर, फाव्र सांगता तर क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगही सांगा. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा अख्खा मोसम गेला, त्याच्या संघाने, इंडियानापोलिस कोल्ट्सनी, सोडून दिलं. ३६ व्या वर्षी डेन्व्हरला गेला आणि २०१३ मध्ये ५५ टचडाउन फेकून लीगचा विक्रम केला. २०१५ मध्ये हात थकला होता, मध्येच बाकावर बसवलं, तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बोल जिंकूनच घरी गेला.

---

बोरीबंदर

तो सुपर बोल डेन्व्हरच्या बचावफळीने जिंकला. मॅनिंगने त्या मोसमात ९ टचडाउन फेकले आणि १७ चेंडू समोरच्यांच्या हातात दिले. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

---

रानपाखरू

शेवंतीताईंचं म्हणणं काळजाला भिडलं. हक्क त्याचाच आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण संघाचंही बघायला हवं. जेट्स २०१० च्या मोसमानंतर प्लेऑफला गेलेले नाहीत. एप्रिलमध्ये त्याच्यासाठी ग्रीन बेला ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, जागा दिल्या. जुलैमध्ये त्याने आपणहून साधारण साडेतीन कोटी डॉलर सोडले, म्हणजे त्याचं मन मोठं आहे हे मान्यच. पण आता पुढचं अख्खं वर्ष संघ एका टाचेकडे डोळे लावून बसणार. त्याच्या जागी झॅक विल्सन परवा मैदानात आला, ओव्हरटाइममध्ये झेव्हियर गिप्सनने पंट (समोरच्यांनी लाथेने लांब उडवलेला चेंडू) पकडून ६५ यार्ड पळत जाऊन सामना जिंकून दिला, स्टेडियम वेडं झालं. पण तो बचावफळीचा आणि गिप्सनचा विजय होता. विल्सनच्या भरवशावर मोसम निघणार नाही, आणि रॉजर्स परतणार म्हटल्यावर दुसरा चांगला क्वार्टरबॅक इथे येईल कशाला?

कर्वे_रोड ताई, एक विचारतो. तो खेळण्यालायक झालाय की नाही हे कधी कळतं?

---

कर्वे_रोड

पहिले काही आठवडे पायाला आधार देणाऱ्या बुटात जातील. वर्षअखेरीस तो बहुधा हळूहळू पळत असेल आणि तसे व्हिडिओ तुम्हाला दिसतील. त्यावर जाऊ नका. सरळ रेषेत पळणं सोपं असतं. खरी परीक्षा म्हणजे एका पायावर उभं राहून टाच उचलणं. सलग पंचवीस वेळा उचलता आली आणि दुसऱ्या पायाइतकीच वर गेली, तर पोटरी परत आली म्हणायचं. शिवल्यावर कंडरा थोडी जरी लांबली असेल तर टाच पूर्ण उंचीला जात नाही, आणि ती उणीव व्यायामाने सहसा भरत नाही. हे मार्च-एप्रिलच्या आधी नीट सांगता येणार नाही. मी तोवर त्याच्याकडे निवृत्ती मागणार नाही.

---

रानपाखरू

नीट समजावून सांगितल्याबद्दल आभार. पण माझी अडचण नेमकी तीच आहे. करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंची खरेदी मार्चच्या मध्यावर सुरू होते आणि ड्राफ्ट एप्रिलअखेरीस असतो. टाच वर जातेय की नाही हे कळेपर्यंत चांगले क्वार्टरबॅक दुसरीकडे गेलेले असतील. खेळायचंच असेल तर त्याने संघाला जानेवारीतच सांगावं की माझ्यावर विसंबू नका, दुसरा माणूस घ्या, मी त्याच्याशी स्पर्धा करून जागा मिळवीन. तसं म्हणाला तर मी माझं मत मागे घेईन.