रँडी टर्पिन ६४ दिवसांतच का हरला?

प्रश्न (रावेर): भो, मी ७१ किलोचा, तालमीतून बॉक्सिंगकडे वळलोय. ब्रिटनच्या टर्पिनने १० जुलै १९५१ला लंडनमध्ये मिडलवेट जगज्जेत्या शुगर रे रॉबिन्सनला हरवलं आणि १२ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये जगज्जेतेपदाचा पट्टा परत रॉबिन्सनकडं गेला. तुक्का होता का?

उत्तर १ (भुसावळ): तुक्का कसला! १५ फेऱ्या गुणांवर जिंकलाय गडी. रॉबिन्सन तोवर एकदाच हरलेला. हां, युरोपभर एकामागून एक लढती करून थकलेला होता, हे मात्र खरं.

उत्तर २ (अमळनेर, पोरं शिकवतो): न्यूयॉर्कची दहावी फेरी बघ. रॉबिन्सनची भुवई फुटली, रक्त डोळ्यात. त्याला कळलं, आता थांबलो तर पंच लढत थांबवतील. मग उजव्या हाताने टर्पिनला पाडलं, दोरीला लावून कुटला. फेरी संपायला आठ सेकंद राहिली असताना लढत थांबली.

माझ्याकडं केळीचे घड उचलणारा एक पोरगा येतो. खांदे दगडासारखे, पण मार बसला की जागेवरच उभा. मी ओरडतो, 'अरे, मिठी मार, नाहीतर गुडघा टेक!' तेवढाच दम खायला वेळ मिळतो. टर्पिननेही तेच करायला हवं होतं.

त्याचा भाऊ डिक १९४८मध्ये ब्रिटिश विजेता झाला. त्याआधी काळ्यांना, म्हणजे या भावांनाही, ब्रिटिश विजेतेपदाची लढत खेळूच देत नव्हते. तेही वाच.

प्रश्नकर्ता: दादा, शनिवारी अमळनेरला येऊ का?

उत्तर २: ये. सहाला. उपाशीपोटी नको, कळण्याची भाकरी खाऊन नको.