देवयानीत वायू मुबलक, मग तारे इतके कमी का?

म्हापसेकर:
नमस्कार. पणजीच्या जुंता हाऊसच्या गच्चीवरील वेधशाळेतून एकदा देवयानी दीर्घिका पाहिली होती. दमट हवेत धुरकट ठिपक्यापलीकडे काही दिसले नाही, पण तेव्हापासून वाचन सुरू आहे. ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेहून आकाराने मोठी, तिच्या तबकडीत सूर्याच्या कित्येक अब्जपट थंड हायड्रोजन. तरीही आकाशगंगेत वर्षाकाठी एक-दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे घडत असताना तिथे एका सूर्याइतकेही घडत नाहीत. असे का व्हावे?

आगरवाडा, पेडणे:
आमच्याकडे भरतीचे खारे पाणी मिठागरात घेतले म्हणून लगेच मीठ होत नाही. ते कप्प्याकप्प्यांतून फिरवत उन्हात आटवावे लागते, आणि शेवटच्या उथळ कप्प्यात पुरेसे दाट झाले की मगच मिठाची कणी धरते. वायूचेही तसेच आहे. २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरींत दिसणारा हायड्रोजन अणुरूप, विरळ आणि दूरवर पसरलेला असतो. तबकडीच्या दर चौरस पार्सेकमागे (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे) तो साधारण १० सूर्यांइतका झाला, की पुढची भर बहुतांशी रेणुरूप होऊ लागते: धुळीच्या कणांवर अणूंच्या जोड्या जुळतात, तीच धूळ अतिनील किरणांपासून त्यांना आडोसा देते, तापमान उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास उतरते आणि ढगाचे गाभे स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळतात. देवयानीत असा रेणुरूप वायू एकूण थंड वायूच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. नवे तारेही मुख्यतः केंद्रापासून सुमारे ३३ हजार प्रकाशवर्षांवरच्या कड्यात दिसतात, कारण वायू दाटला आहे तो तिथे.

डिचोलीची शिक्षिका:
मिठागराचा दाखला आवडला, मात्र तो एका ठिकाणी तुटतो. रेणुरूप ढगांतलाही फार थोडा वायू ताऱ्यांच्या कामी येतो. आतली खळबळ, चुंबकीय क्षेत्र आणि नवजात ताऱ्यांचे प्रारण उरलेला विस्कटून टाकतात. त्यामुळे आपल्या आसपासच्या तबकडी-दीर्घिकांत आजच्या गतीने हा साठा संपायला साधारण दोन अब्ज वर्षे लागतील.

म्हापसेकर:
आभारी आहे. पण थंड रेणुरूप हायड्रोजन स्वतः जवळजवळ काहीच प्रारण सोडत नाही ना? मग तो मोजतात कसा?

डिचोलीची शिक्षिका:
त्याच्यासोबत असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडवरून. त्याच्या २.६ मिलिमीटरच्या लहरी मोजून हायड्रोजनचा अंदाज बांधतात. त्यासाठी मोजलेल्या लहरींच्या तीव्रतेला एका ठरावीक गुणकाने गुणतात, पण हा गुणक सगळीकडे सारखा नसतो. जड मूलद्रव्ये कमी असलेल्या भागात तो विशेष फसवतो, म्हणून तबकडीच्या बाह्य भागातले आकडे जरा बेतानेच घ्यावेत.