पहिलीच्या पोरांना आधी बोलू तर द्या

वर कुणीतरी लिहिलंय की जून संपायच्या आत पोराला पूर्ण मुळाक्षरं लिहिता आली पाहिजेत, नाहीतर शाळा कसली. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या गावच्या झेडपी शाळेत शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला तेव्हा पुतणीला घेऊन मीच गेले होते, सात टेबलं मांडलेली, एकावर उड्या, एकावर चित्र बघून गोष्ट सांगायची, एकावर चिंचोके मोजायचे. पोरगी सातपर्यंत नीट आली, आठव्या चिंचोक्याला दोनदा बोट लावलं आणि एक जास्तच मोजला. बाईंनी चूक म्हटलं नाही, फक्त मोजलेला चिंचोका बाजूला सरकवायला शिकवलं, पुढच्या वेळी बरोबर!

निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं लक्ष्य पण हेच आहे ना, २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मूल समजून वाचणारं आणि साधी गणितं करणारं हवं. तिसरी म्हणजे तीन वर्षं आहेत हातात, मग जूनमध्येच पाटी भरून घ्यायची घाई कशाला? आणि मेळाव्यानंतर आयांचे गट करतात त्यात खरंच जा, घरी भाजी निवडताना शेंगा मोजायला लावल्या तरी पोरं रमतात.