‘फारखत’ लिहू की ‘तडजोड’? कामगार भरपाईच्या एका कागदावरून

खाडीपल्याड :
मी कॅलिफोर्नियात दुभाष्याचं काम करतो. बहुतेक वेळा हिंदी, अधूनमधून मराठी. सध्या एका मराठी काकांचं काम हातात आहे. सांगलीकडचे, साठीच्या घरातले. एका हॉटेलच्या भटारखान्यात पातेलं उचलताना खांदा गेला. विमा कंपनीशी रक्कम ठरली आहे आणि सहीच्या आधी त्या कराराचा मराठी गोषवारा मी लिहून द्यायचा आहे. कागदाचं नाव ‘कॉम्प्रोमाइज अँड रिलीज’. इथे कचेरीत सगळे त्याला नुसतं ‘सी अँड आर’ म्हणतात.

‘कॉम्प्रोमाइज’ला तडजोड, तिथे वाद नाही. अडलंय ‘रिलीज’पाशी. ‘तडजोड व सुटका’ लिहिलं तर काका कुठेतरी कोठडीत होते असं वाटतं. शिवाय सुटते ती कंपनी, काका नव्हे. मग जुन्या दस्तऐवजांतला ‘फारखत’ आठवला. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा, आणि ‘खत’ म्हणजे लेख, खरेदीखत-गहाणखतातला. देणं फिटलं, आता तुमच्याकडे काही मागणं नाही, असं लिहून दिलेला कागद. अगदी चपखल! मोठ्या खुशीत लिहून नेलं. काकांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘फारकत? अहो, मी कंपनीशी लगीन लावलं होतं का?’’

दुसरी अडचण ‘रिव्ह्यू’ची. तिच्याबद्दल खाली लिहितो, आधी याचं सांगा.

वरणफळ :
काकांचं बरोबर आहे. फारखत झिजून फारकत झाली आणि थेट नवरा-बायकोच्या भांडणात जाऊन बसली. तिला आता तिथून उठवता येणार नाही. ‘हक्कसोड’ का नको? बहिणी भावाच्या नावे करून देतात ते हक्कसोडपत्र खेड्यापाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

खाडीपल्याड :
हक्कसोड डोक्यात आला होता. पण हक्कसोडपत्राला आपल्याकडे एक वास आहे, ‘बहिणीने फुकट सोडलं’ असा. इथे पैसे घेऊन सोडायचं आहे.

बेळगावकर :
गंमत सांगतो. आमच्याकडे कानडीत ‘राजी’ म्हणजेच तडजोड. कोर्टाच्या आवारात ‘राजी झाली’ ऐकलं की समजायचं, खटला मिटला. उत्तरेकडेही राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. मराठीत मात्र राजीनामा म्हटलं की नोकरी सोडली! महसुलाच्या जुन्या कागदांत हाच शब्द जमीन सोडताना येतो. जुना खातेदार राजीनामा देई आणि नवा कबुलायत लिहून देई. म्हणजे ‘सोडून देणे’ हा अर्थ मराठीने आधीपासूनच उचलला होता.

काकांना ‘राजीनामा’ म्हणू नका, नाहीतर नोकरी गेली म्हणून बसतील.

खाडीपल्याड :
तेही या प्रकरणात अगदीच चूक नाही. इथे बऱ्याचदा सी अँड आरच्या जोडीला वेगळ्या कागदावर नोकरीचा राजीनामाही लिहून घेतात.

जुना शिरस्तेदार :
मी कामगार न्यायालयात कारकुनी केली, २९ वर्षं. आमच्याकडे न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून बसत, त्यामुळे असे करार टेबलावरून बरेच गेले. शब्दाआधी व्यवहार सांगतो, शब्द त्यातूनच निघेल.

आपल्याकडच्या कामगार भरपाईच्या १९२३च्या कायद्याचं कलम २८. मालक आणि कामगार यांनी आपसात रक्कम ठरवली, तर मालकाने कराराचं टिपण आयुक्तांकडे पाठवायचं. आयुक्त दोघांना नोटीस काढणार आणि त्यानंतर सात दिवस उलटल्याशिवाय नोंद नाही. त्याआधी करार खरा आहे याची खातरजमा. हा ‘खातरजमा’ शब्द मला फार आवडतो. ‘समाधान होणे’ हे इंग्रजीवरून ओढून आणलेलं, तर खातरजमा आपल्या रोजच्या बोलण्यातली. रक्कम अपुरी वाटली किंवा फसवून, दडपण आणून सही घेतली असं दिसलं, तर आयुक्त नोंद नाकारू शकतात.

कलम २९ तर मला तोंडपाठ आहे, कारण मालकांच्या वकिलांचे चेहरे तिथेच पडायचे. करार नोंदवलाच नाही तर मालक पूर्ण भरपाईला बांधलेला. आणि आधी जे दिलं त्यातलं, आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर, निम्म्याहून जास्त वळतं करता येत नाही. समजा दोन लाख हातावर ठेवून मिटवलं आणि नोंदणी टाळली, तर हिशेबात एकच लाख धरायचे. कायद्याने शिक्षा केली ती अशी वाण्याच्या भाषेत.

(हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. ती २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. करार नोंदवण्याची रीत तिथेही आहे.)

तर आमच्या टेबलावर पक्षकार काय म्हणायचे? तडजोड नाही, समझोता तर नाहीच. ‘साहेब, मिटवलंय.’ आणि बाहेर चहाच्या टपरीवर, ‘तोडपाणी झालं.’ या दोन शब्दांत जे अंतर आहे ते मोजायलाच आयुक्त बसवलेला असतो.

वरणफळ :
शेवटचं वाक्य लिहून घेतलं. तोडपाणी म्हणजे मागच्या दाराने, मिटवणं पुढच्या दाराने.

खाडीपल्याड :
शिरस्तेदारसाहेब, तुम्ही माझ्या दुसऱ्या प्रश्नाच्या दारातच आणून सोडलंत.

इथेही तसंच आहे. या राज्यात कामगाराने केलेली कुठलीही तडजोड वा हक्कसोड तोपर्यंत वैध नाही, जोपर्यंत कामगार भरपाई अपील मंडळ किंवा त्याचा न्यायाधीश ती मंजूर करत नाही. कामगार राजी, कंपनी राजी, तरी कागद कच्चाच. न्यायाधीशाने रक्कम पुरेशी आहे का ते पाहायचं, शंका आली तर सुनावणी लावून पुरावा घ्यायचा, पटलं नाही तर नाकारायचं. माझ्या इंग्रजी कागदावर याला ‘रिव्ह्यू’ म्हटलंय.

मग मंजुरीच्या हुकमावर कुणाची तक्रार असेल तर २० दिवसांत मंडळाकडे अर्ज. हुकूम टपालाने आला असेल तर वर पाच दिवस. आधी मूळ न्यायाधीश आपला अहवाल लिहितो, मग मंडळाच्या तीन सदस्यांचं पीठ निकाल देतं. मंडळात सदस्य सात, गव्हर्नरने नेमलेले, त्यांतले पाच वकीलच असावे लागतात. यालाही बोलताना लोक ‘रिव्ह्यू’च म्हणतात.

आणि मंडळाचा निर्णयही पटला नाही तर ४५ दिवसांत वरच्या न्यायालयात ‘रिट ऑफ रिव्ह्यू’.

एकच शब्द, तीन मजले. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी तिन्ही ठिकाणी ‘पुनर्विलोकन’ ठोकून दिलं होतं. काकांना वाटलं, एकच साहेब तीनदा तोच कागद वाचणार.

जुना शिरस्तेदार :
म्हणूनच शासकीय परिभाषा तोंडावर फेकू नये. ‘पुनर्विलोकन’ला आमच्याकडे ठरलेली जागा आहे. जमीन महसूल अधिनियमात कलम २५७ पुनरीक्षणाचं आणि २५८ पुनर्विलोकनाचं. पुनरीक्षण म्हणजे वरच्याने खालच्याचं दप्तर मागवून पाहणं. पुनर्विलोकन म्हणजे दिलेला हुकूम पुन्हा उघडून पाहणं. तलाठी-तहसीलदारसुद्धा यात गोंधळतात, तर खांदा दुखणाऱ्या माणसाने काय करावं?

तुमच्या पहिल्या मजल्याला ‘पुनः’ लागतच नाही. अजून कुणी काही ठरवलंच नाही, तर पुन्हा काय बघणार? ती छाननी. दुसऱ्या मजल्यावर हुकूम झालेला आहे आणि त्याच संस्थेला सांगायचंय की परत विचार करा. तो फेरविचार. तिसरं न्यायालयाचं, तिथे पुनर्विलोकन खुशाल लिहा. तिथवर गेलेला माणूस वकिलाला विचारून घेईल.

बेळगावकर :
छाननी निवडणुकीच्या अर्जांची असते हो. बाद-वैध एवढंच. रक्कम कमी की जास्त हे छाननीत कुठे येतं?

जुना शिरस्तेदार :
मान्य, थोडा कोरडा शब्द आहे. मग ‘रक्कम रास्त आहे का याची खातरजमा’ असं फोडून लिहा. रास्त सगळ्यांना कळतं, रेशनच्या दुकानावर लिहिलेलं असायचं, रास्त भाव. ‘पर्याप्त’ लिहू नका. पर्याप्त म्हणजे पुरेसं, पण रास्त म्हणजे न्यायाला धरून. साहेब पोट भरेल का हे बघत नाही, या दुखण्याला ही रक्कम शोभते का ते बघतो.

वरणफळ :
‘शिक्कामोर्तब’ नको का कुठे? मला आवडतो तो शब्द.

जुना शिरस्तेदार :
नको. शिक्कामोर्तब म्हटलं की आत काय आहे ते न बघता ठसा मारला असं आता वाटतं. मंजुरी लिहा.

राजीखुशीने :
उशिरा येतेय. माझं नाव पाहिलंत तर कळेल मी काय सुचवणार आहे. आजोबांच्या सगळ्या खतांत हे वाक्य असायचं : ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो.’ न्यायाधीश काकांना विचारणार असतील ना, समजून सही केली का, कुणी दडपण आणलं का? तेच हे. राजीखुशी म्हणजे दडपण नाही, अक्कलहुशारी म्हणजे समजून-उमजून. ‘स्वेच्छेने व पूर्ण माहितीनिशी’ यापेक्षा काकांच्या पिढीला हे लगेच कळेल.

आणि एक विचारते. काकांपुढे हा एकच रस्ता आहे का?

खाडीपल्याड :
राजीखुशीने हे नक्की घेतो.

रस्ता दुसराही आहे, आणि खरं भाषांतर तिथेच फसतं. त्यात दोन्ही बाजू अपंगत्व किती ते मान्य करतात, त्यावर निवाडा होतो, पैसे हप्त्याने येतात आणि त्या दुखापतीचे पुढचे उपचार कंपनीकडेच राहतात. दुखणं वाढलं तर दुखापतीच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत तो निवाडा उघडायला अर्ज करता येतो. सी अँड आरमध्ये सहसा एकरकमी पैसे आणि दार बंद. नंतर फसवणूक किंवा तसंच काही दाखवलं तरच ते उघडतं. ‘मला वाटलं होतं बरं होईल’ हे कारण चालत नाही.

जुना शिरस्तेदार :
त्या दुसऱ्याला ‘संमती निवाडा’ म्हणा. भूसंपादनात चालू शब्द आहे, ज्याची जमीन कालव्यात किंवा रस्त्यात गेली त्याला समजावून सांगावा लागत नाही.

बेळगावकर :
आणि ‘नुकसानभरपाई’ की ‘मोबदला’?

वरणफळ :
मोबदला जमिनीचा. खांद्याचा कसला मोबदला, खांदा काय विकला का? भरपाईच.

खाडीपल्याड :
काल काकांकडे सुधारलेला कागद घेऊन गेलो. वर ‘एकरकमी तडजोड व हक्कसोड’, खाली दुसऱ्या रकान्यात ‘संमती निवाडा’. सल्ला देणं माझं काम नाही, ते वकिलीणबाईंनी केलं, मी फक्त इकडचं तिकडे.

एका ओळीवर काका थांबले. मी लिहिलं होतं : ‘या दुखापतीवरील भविष्यातील वैद्यकीय उपचारांचा हक्क मी सोडत आहे.’ दोनदा वाचली. मग माझं पेन घेतलं, उजवा हात वर जात नाही म्हणून कागद मांडीवर ओढला, ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘पुढचं औषधपाणी माझ्या पदरचं.’

‘‘असंच ना?’’ म्हणाले. असंच, म्हटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि बाईंना विचारायला सांगितलं की संमती निवाड्यात हप्ता किती बसेल.

राजीखुशीने :
‘पदरचं’! आपण इतके जण इतके दिवस बसलोय आणि हा शब्द कुणाला सुचला नाही.

जुना शिरस्तेदार :
हप्त्याचा आकडा कळला तर कळवा.