घोटा सारखा मुरगळतो, बॅलन्सचे व्यायाम काय करू?

वऱ्हाडी_रनर: अंबाझरीला सकाळी पळतो मी, उजवा घोटा वर्षभरात दोन-तीनदा आतल्या बाजूला मुरगळला, आता सूज नाही पण खडबडीत रस्त्यावर पाय कधी दगा देईल सांगता येत नाही. अँकलेट (घोट्याला आधार देणारा पट्टा) घालूनच पळत राहू का?

फिजिओताई: भाऊ, अँकलेट खेळताना घाला, पण त्यानं मूळ दुखणं जात नाही. पाय आत मुरगळून बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) ताणलं की पाय नेमका कुठं, कसा पडतोय याची मेंदूला जाणारी खबर कमी होते, शिवाय पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू उशिरा सावरतात. म्हणून भिंतीजवळ अनवाणी एका पायावर उभं राहा, 30 सेकंद जमलं की डोळे मिटून, मग उशीवर. घाई करू नका, डोळे मिटून हललात तरी चालतंय, तेच तर काम आहे. नंतर एका पायावर उभं राहून बॉल झेलणं, हळू उड्या. आठवड्यातून 3-5 दिवस, निदान 6 आठवडे.

धंतोलीकर: मी तर ब्रश करतानाच करून राहिलो बे, वेगळा टाइम कोण काढते! वॉबल बोर्ड (उभं राहायची डगमगती फळी) घ्यावा लागते का?

फिजिओताई: गरज नाही, उशी पुरते. पण बाथरूमच्या ओल्या फरशीवर नको हं! आणि नव्यानं मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल तर आधी एक्स-रे.

वऱ्हाडी_रनर: दुसऱ्या पायाचंही करू का?

फिजिओताई: करा ना, दोन्हीत फरक किती ते पण कळते.